सिंगापूरच्या पंगतीत आपले पान

सिंगापूर हे नाव मूळचे ‘सिंहपुर’. मलय द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाशी, विषुववृत्ताच्या सुमारे सव्वा अंश उत्तरेस वसलेले हे बेट-राष्ट्र आकाराने बृहन्मुंबईहून थोडेसे मोठे, म्हणजे सुमारे ७३५ चौरस किलोमीटरचे आहे. १८१९ मध्ये स्टॅम्फर्ड रॅफल्स याने ईस्ट इंडिया कंपनीसाठी येथे व्यापारी ठाणे उभारले, आणि वाऱ्याच्या दिशेने येणारी गलबते जसजशी येथे थांबू लागली तसतशी निरनिराळ्या देशांची माणसे या भूमीवर उतरली. आज येथील लोकसंख्या साठ लाखांच्या आसपास आहे. कायम रहिवाशांत सुमारे तीनचतुर्थांश चिनी, साडेतेरा टक्के मलय आणि नऊ टक्के भारतीय वंशाचे आहेत. मलय, मँडरिन, तामिळ आणि इंग्रजी या चार राजभाषा आहेत. शेती जवळजवळ नाही. नव्वद टक्क्यांहून अधिक अन्न बाहेरून येते. जेथे धान्याचा दाणाही परदेशातून येतो, तेथे ताटात किती देश एकत्र येत असतील याची कल्पना सहज करता येईल.

व्यापार, बँका आणि माहिती-तंत्रज्ञान यांच्या निमित्ताने महाराष्ट्रातील जैन कुटुंबेही या नगरीत जातात. कोणी दोन वर्षांसाठी, कोणी दहा वर्षांसाठी, तर कोणी कायमचे. घरभाडे, मुलांची शाळा, प्रवासाचे पास यांची व्यवस्था पहिल्या महिन्यात लागते. भोजनाचा प्रश्न मात्र रोजचा असतो आणि रोज नव्याने उभा राहतो. या प्रश्नाला बहुधा दोन टोकांची उत्तरे दिली जातात. एक म्हणजे घराचे दार लावून घेणे: मुंबईहून आलेले खाकरे, डाळी आणि लोणची यांवर दिवस काढायचे, शेजाऱ्याच्या ताटाकडे पाहायचेही नाही. दुसरे म्हणजे, ‘परदेशात हे सारे कोण पाळते?’ असे म्हणून हळूहळू सगळेच सोडून देणे. पहिल्या वाटेने गेलेले कुटुंब दहा वर्षे राहूनही त्या नगरीत पाहुणेच राहते. दुसऱ्या वाटेने गेलेल्या कुटुंबाच्या घरी, आजी भारतातून राहायला आली की स्वयंपाकघरात अवघडलेपण येते. या दोहोंमध्ये तिसरी वाट आहे. ती थोडी कष्टाची आहे, कारण तिच्यासाठी विचारावे लागते, शिकावे लागते आणि पदार्थ उलगडून पाहावा लागतो.

विचारण्याची सवय असलेली नगरी

पूर्वी सिंगापूरचे फेरीवाले रस्त्यावर, गटारांच्या कडेला अन्न शिजवीत. १९६८-६९ मध्ये शासनाने त्यांची नोंदणी केली आणि १९७१ ते १९८६ या काळात त्यांना नळाचे पाणी, सांडपाण्याची सोय व छप्पर असलेल्या जागा बांधून दिल्या. हीच आजची हॉकर सेंटर्स. बेटावर अशी शंभराहून अधिक केंद्रे आहेत, आणि डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने या हॉकर-संस्कृतीला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. मध्ये समाईक टेबले, भोवती लहान लहान गाळे. एका गाळ्यावर चिनी भात, शेजारी मलय नारळी भात, पलीकडे तामिळ डोसा. एकाच टेबलावर चार घरचे चार जण चार प्रकारचे अन्न घेऊन बसतात आणि कोणी कोणाच्या ताटातले खात नाही, याचे कोणालाच नवल वाटत नाही.

नवागत जैन माणसाला सर्वांत मोठा धीर येथूनच मिळतो. मलय मुसलमान अन्न हलाल असल्याची खात्री केल्याविना सहसा जेवत नाही. उष्टी ताटे ठेवण्यासाठी अनेक केंद्रांत हलाल व इतर अशा दोन निरनिराळ्या मांडण्या असतात. कुआन-यिन देवीची उपासना करणारे अनेक चिनी लोक गोमांस वर्ज्य मानतात. अनेक बौद्ध व ताओपंथी कुटुंबे चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला शाकाहार पाळतात. नवव्या चांद्रमासात नऊ सम्राट-देवतांचा उत्सव येतो, तेव्हा नऊ दिवस शाकाहार चालतो आणि उपाहारगृहांवर पिवळे ध्वज लागतात. म्हणजे अमुक दिवशी अमुक खायचे नाही ही गोष्ट येथील स्वयंपाक्याला नवी नाही. ‘यात काय घातले आहे?’ हा प्रश्न आपल्याकडच्या लग्नाच्या पंगतीत विचारला तर यजमान कधी कधी दुखावतो. सिंगापूरच्या गाळ्यावर तो दिवसातून अनेक वेळा विचारला जातो. संकोच बहुधा विचारणाऱ्याच्या मनातच असतो.

वॉटर्लू स्ट्रीटवरील शेजार

मध्य सिंगापुरातील वॉटर्लू स्ट्रीटवर १८८४ मध्ये उभारलेले कुआन-यिनचे मंदिर आहे आणि त्याला लागूनच १८७० पासूनचे श्रीकृष्णन मंदिर. चिनी भाविक देवीचे दर्शन घेतात आणि तेथून उठून कृष्णमंदिराच्या दाराशीही उदबत्त्या लावतात. या मंदिरांमुळे परिसरात शाकाहारी भोजनाची मागणी वाढली. जवळच मिडल रोडवर फॉर्च्यून सेंटर नावाची इमारत आहे. तिच्यात चिनी शाकाहारी उपाहारगृहांची रांगच आढळते. चिनी भाषेत अशा अन्नाला ‘सू’ म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ साधे, रंग न दिलेले, निराभरण असा आहे. सकाळच्या वेळी येथे तांदळाच्या परतलेल्या शेवया, कोबी, टोफू आणि सोयाच्या दुधावरील सायीचे कुरकुरीत तळलेले पापुद्रे असा नाश्ता मिळतो. शेवयांना स्थानिक बोलीत ‘बी हून’ म्हणतात.

या स्वयंपाकात कांदा-लसूण नसतो हे कळताच जैन कुटुंबाला अतिशय आनंद होतो. तो आनंद खरा आहे, पण अर्धा आहे. चिनी बौद्ध परंपरेत प्रमाण मानलेल्या ब्रह्मजाल सूत्रात पाच उग्र वनस्पती वर्ज्य सांगितल्या आहेत. लसूण व कांद्याच्या कुळातील पातींसह त्या यादीत एक नाव हिंगाचे आहे. आपल्या घरी कांदा-लसणाची उणीव भरून काढण्यासाठी ज्या हिंगाची फोडणी द्यायची, तोच हिंग तेथे कांद्याच्या पंक्तीला बसविलेला! दोन्ही परंपरांनी एकच पदार्थ टाळला तरी त्यामागील कारण एकच असेल असे नाही, हे यावरून ध्यानात येते. बौद्ध परंपरेतील कारण चित्तवृत्तीचे आहे: हे पदार्थ शिजवून खाल्ल्यास काम वाढतो, कच्चे खाल्ल्यास क्रोध वाढतो, असे शूरंगम सूत्र सांगते. आपल्याकडे चित्तवृत्तीचा विचार आहेच, पण मुख्य विचार जीवदयेचा आहे. कंदमूळ हे अनंतकाय, त्याच्या एका शरीरात अनंत जीवांचा वास मानलेला.

कारण निराळे असल्याने ताटही निराळे होते. लसूण वर्ज्य करणारा चिनी स्वयंपाकी बटाटा, गाजर, मुळा, कमळकाकडी आणि ओले आले निःशंकपणे वापरतो. लसूण नसल्यामुळे चवीचा बराचसा भार आल्यावरच पडतो. शिंपल्यांच्या सॉसऐवजी तो जो शाकाहारी सॉस घालतो तो अळंबीचा असतो. म्हणून ‘कांदा-लसूण नाही ना?’ एवढेच विचारून थांबणे पुरेसे नाही. आले नको, अळंबी नको, जमिनीखालचे काही नको, अंडे नको, अशी चार वाक्ये पाठ करावी लागतात. पदार्थाच्या नावावर विसंबणेही घातक ठरते. हॉकर सेंटरवर ‘कॅरट केक’ नावाचा लोकप्रिय पदार्थ मिळतो. त्यात गाजरही नसते आणि तो केकही नसतो. तांदळाचे पीठ व किसलेला मुळा उकडून केलेल्या वड्या बहुधा अंड्यासह परतलेल्या असतात. पोपिया नावाच्या नाजूक गुंडाळीत बाहेरून केवळ पातळ पोळी दिसते, आत मात्र जिकामा नावाचा कंद शिजवून भरलेला असतो.

या साऱ्यांतून निभावून जाणारा एक पदार्थ म्हणजे हाक्का लोकांचा ‘लेई-छा’. ‘लेई’ म्हणजे खलणे. चहाची पाने, तीळ, शेंगदाणे, तुळशीच्या जातीची पाने व पुदिना खलात वाटून त्यावर गरम पाणी ओततात. सोबत भात आणि त्यावर बारीक चिरलेल्या भाज्या, टोफू व भाजलेले शेंगदाणे. ‘खलणे’ आणि ‘मेघगर्जना’ या दोन चिनी शब्दांचा उच्चार सारखा, म्हणून इंग्रजीत त्याचे नाव ‘थंडर टी राइस’ असे पडले. मूळ पद्धतीत सुकट आणि खारवलेला मुळा घालतात. शाकाहारी गाळ्यावर सुकट नसतेच; मुळा तेवढा वगळायला सांगावा लागतो. सर्व भाज्या वेगवेगळ्या रचलेल्या असल्याने काय आहे आणि काय नाही हे डोळ्यांना दिसते. नवख्या जैन माणसाने सिंगापुरात पहिला स्थानिक घास कोणता घ्यावा, या प्रश्नाला हे एक चांगले उत्तर आहे.

पिठाचा कोंबडा

चिनी शाकाहारी गाळ्यांवर आणखी एक गोष्ट आढळते आणि तिच्यापाशी पुष्कळ जैन गृहिणी थबकतात. गव्हाचे पीठ धुऊन उरलेला चिवट भाग, सोया आणि टोफू यांपासून मांसाचे हुबेहूब अनुकरण केलेले पदार्थ तेथे मांडलेले असतात: बदक, मासा, कोळंबी. घटकांची यादी निर्दोष असते. मुले म्हणतात, ‘यात तर गहूच आहे, मग खायला काय हरकत?’

या प्रश्नाचे उत्तर जैन साहित्याने फार पूर्वी दिले आहे. राष्ट्रकूटांच्या काळात, ९५९ मध्ये सोमदेवसूरींनी रचलेल्या ‘यशस्तिलक’ या चंपूकाव्यात यशोधर राजाची कथा येते. प्राणिवध नको म्हणून राजाने मातेच्या आग्रहाखातर पिठाचा कोंबडा करून तो देवीला बळी दिला. रक्त सांडले नाही, जीव गेला नाही. परंतु बळी देण्याचा भाव मनात होता, आणि त्या भावामुळे मायलेकांना पशुयोनींत जन्मामागून जन्म घ्यावे लागले. पुष्पदंत, वादिराज आदींनीही ही कथा आपापल्या ग्रंथांत सांगितली आहे. सिंगापूरच्या गाळ्यावर गव्हाच्या बदकासमोर उभ्या असलेल्या मुलाला ही कथा सांगितली तर तिचा अर्थ त्याला जितका स्पष्ट कळेल, तितका तो पाठशाळेत कळेलच असे नाही. त्याच वेळी त्या चिनी स्वयंपाक्याला हसण्याचे कारण नाही. मांस सोडू इच्छिणाऱ्या कित्येकांना हे पदार्थ पहिली पायरी म्हणून उपयोगी पडतात. ज्याने मांस कधी खाल्लेच नाही, त्याला त्या पायरीची गरज नाही, एवढेच.

‘उबी’ आणि ‘बावांग’

मलय स्वयंपाकाशी ओळख करून घ्यायला भाषेचा रस्ता सोपा आहे. मलय भाषेत संस्कृत शब्द विपुल आहेत. साखरेला ‘गुला’ म्हणतात, तो संस्कृत ‘गुड’ होय. आपला गूळ त्याचाच भाऊ. उपवासाला ‘पुआसा’ म्हणतात, आणि त्यात ‘उपवास’ हा शब्द स्पष्ट ऐकू येतो. आणखी दोन शब्द तर जणू जैन प्रवाशासाठीच आहेत. कंदाला मलय भाषेत ‘उबी’ म्हणतात: बटाटा ‘उबी केंतांग’, रताळे ‘उबी केलेदेक’, टॅपिओकाचा कंद ‘उबी कायू’. कांदा आणि लसूण दोन्ही ‘बावांग’. एक तांबडा बावांग, दुसरा पांढरा बावांग. ‘आदा उबी?’ म्हणजे ‘कंद आहे का?’ आणि ‘ताक माउ बावांग’ म्हणजे ‘कांदा-लसूण नको’. एवढी दोन वाक्ये मोडक्या उच्चारांत बोलली तरी गाळ्यावरच्या मलय मावशी कौतुकाने हसतात आणि हंडीचे झाकण उघडून दाखवतात.

मलय पदार्थांतील खरी अडचण डोळ्यांना न दिसणारी आहे. ‘बलाचान’ ही आंबवलेल्या कोळंबीची वडी बहुतेक तिखट चटण्यांत असते. ‘नासी लमाक’ हा नारळाच्या दुधात शिजवलेला सुवासिक भात स्वतः निर्दोष असू शकतो. पण सोबतच्या सांबाल चटणीत बलाचान आणि ताटाच्या कडेला तळलेले लहान मासे ठरलेलेच. ‘कांगकोंग’ ही हिरवीगार भाजी म्हणजे आपली नाळीची भाजी. तीही बहुधा बलाचानमध्येच परततात. ‘रोजाक’ या फळांच्या मिश्रणावर कोळंबीचाच काळा रस ओततात. न्याहारीच्या टोस्टवर लावतात तो ‘काया’ नारळाचा असला तरी अंड्याने घट्ट केलेला असतो. म्हणून या पदार्थांची चव घरीच करून पाहणे श्रेयस्कर. लिटल इंडियातील टेक्का सेंटरच्या बाजारात ओला नारळ, कच्ची केळी, केळफूल, गवती चहा सारे मिळते. नारळाचे दूध, गवती चहा, सुक्या मिरच्या, धने, सुकी हळद, टोफू आणि तांदळाच्या शेवया एवढ्यांत बलाचान, कुळिंजन व कांदा वगळूनही लाक्सा नावाच्या सारासारखा पदार्थ घरी होतो. शेजारच्या मलय बाईला त्याची वाटी नेऊन दिली तर ती ‘यात अमुक कमी आहे’ असे प्रामाणिकपणे सांगेल. त्या सांगण्यातूनच शेजार सुरू होतो.

गोड पदार्थांत मात्र महाराष्ट्रीय माणसाला घरी आल्यासारखे वाटते. ‘पुतु पिरिंग’ म्हणजे तांदळाच्या पिठाची वाफवलेली चकती, आत वितळलेला माडाचा गूळ, सोबत ओले खोबरे. उकडीच्या मोदकाचे सगळे साहित्य येथे आहे, फक्त कळ्या नाहीत. ‘पुतु मायम’ म्हणजे वाफवलेल्या शेवया, वर खोबरे आणि गूळ; कोकणातल्या शिरवाळ्यांची आठवण करून देणारा प्रकार. ‘आंग कू कुए’ या लाल पदार्थाच्या आत मुगाचे पुरण असते. पण बाहेरच्या पारीत पुष्कळदा रताळे घालतात आणि साचा कासवाच्या पाठीचा असतो. ‘ओन्दे-ओन्दे’ या खोबऱ्यात घोळलेल्या गोळ्यांतही रताळे असू शकते. तेथे ‘आदा उबी?’ हा प्रश्न उपयोगी पडतो. जेलीचे पदार्थ जिलेटिनचे असतील तर ते प्राण्यांच्या हाडा-कातड्याचे. आगार-आगारचे असतील तर समुद्रशेवाळाचे. शेवाळही अनंतकायात मोडते असे मानणाऱ्या कुटुंबांनी त्यातही विचार करावा.

फळांच्या बाजारात तर प्रश्नांची संख्या एकदम कमी होते. मँगोस्टीन हे जांभळे फळ आपल्या कोकमाच्याच कुळातले. त्याच्या बुडाशी जितक्या पाकळ्यांची खूण असते तितक्याच पांढऱ्या फोडी आत निघतात. मुलांना हा खेळच होतो. पदार्थांना हिरवा रंग व मंद वास देणारे पांदान हे पान केवड्याच्या कुळातले. ड्युरियन या काटेरी फळाचा वास इतका उग्र की मेट्रो रेल्वेत ते नेण्यास मनाई आहे. ज्याला तो वास सहन होतो त्याला आतला गर लोण्यासारखा लागतो, ज्याला होत नाही तो दुसऱ्यांदा वाटेला जात नाही.

सूर्य, पाऊस आणि पंचांग

सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्यांसाठी सिंगापूरचे स्थान सोयीचे आहे. पुण्यात हिवाळ्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि जुलैच्या आरंभी सव्वासातच्या. दोहोंत सव्वा तासाचे अंतर पडते. युरोपातील अँटवर्पमध्ये हिऱ्यांच्या व्यापारातील अनेक जैन कुटुंबे राहतात. तेथे डिसेंबरात सूर्य साडेचारनंतर लगेच मावळतो आणि जूनमध्ये रात्री दहापर्यंत आकाशात असतो. सिंगापुरात मात्र वर्षभर सूर्यास्त सुमारे पावणेसात ते सव्वासात-सातवीसच्या दरम्यानच होतो. चौविहाराची वेळ एकदा बसवली की बारा महिने तीच. अडचण सूर्याची नसून कार्यालयांची आहे. सहा-साडेसहाला सुटणारा माणूस घरी पोहोचेपर्यंत दिवस संपलेला असतो, आणि हॉकर सेंटर्स खऱ्या अर्थाने गजबजतात ती सातनंतर. म्हणून नियम पाळणारे पुष्कळ जण संध्याकाळचा डबा कार्यालयातच साडेपाचला उघडतात.

चातुर्मासाची गोष्ट याहून विचार करायला लावणारी आहे. आषाढापासून कार्तिकापर्यंत पालेभाजी सोडणे आपल्याकडे पावसाशी, पानांवर वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांशी जोडलेले आहे. सिंगापुरात पाऊस वर्षभर पडतो आणि त्याचा जोर असतो नोव्हेंबर ते जानेवारीत. पंचांगाचा चातुर्मास संपतो तेव्हा तेथील मुख्य पावसाळा सुरू होत असतो. मग पाळावे काय, आपल्या देशाचे पंचांग की तेथील आकाश? बहुतेक कुटुंबे पंचांगच पाळतात, कारण त्याच दिवशी सोलापूर, सांगली किंवा पुण्याच्या घरीही तो नियम चालू असतो. पर्युषणात आणि दशलक्षण पर्वात सगळा परिवार एकाच वेळी एकच व्रत करीत आहे, ही भावना दूरदेशी फार मोलाची ठरते. जालान यासिन या रस्त्यावर सिंगापूरच्या जैन समाजाची वास्तू आहे. पर्वकाळी तेथे जमणाऱ्या मुलांना आपण एकटे नाही हे समजते.

व्यवहाराचे गोल टेबल

व्यापारी माणसाची खरी परीक्षा भोजनाच्या निमंत्रणात होते. चिनी व्यापारी सौदा पक्का झाल्यावर गोल टेबलावर आठ-दहा पदार्थांचे भोजन देतात. मधली चकती फिरते आणि यजमान स्वतःच्या हाताने पाहुण्याला वाढतो. वाढलेले नाकारणे तेथे रुचत नाही. जाणते जैन व्यापारी म्हणूनच नकार टेबलावर देत नाहीत, दोन दिवस आधी देतात. ‘आमच्या घरी हे नियम आहेत, फळे, भात, अमुक भाजी चालेल,’ असे आधी कळवले की यजमान ते मनावर घेतो, कारण पाहुण्याची सोय करण्यात त्याचाही मान असतो. आयत्या वेळी दिलेला तोच नकार त्याला अपमान वाटतो.

चिनी नववर्षाच्या पंधरवड्यात ‘लो हेई’ नावाचा विधी कार्यालयांतून होतो. मोठ्या थाळीत किसलेल्या भाज्या, शेंगदाण्याचे कूट, तीळ आणि कच्च्या माशाचे काप रचतात. सारे सहकारी काड्यांनी ते मिश्रण एकत्र उंच उडवीत मोठ्याने शुभेच्छा देतात; जितके उंच उडेल तितकी भरभराट, असा समज. शाकाहारी थाळीत मासा नसला तरी गाजर व मुळा असतातच. शाकाहारी थाळी मागवलेली असेल तर नियम पाळणारा कर्मचारीही काड्या हाती घेतो, उडवतो, शुभेच्छा देतो आणि आपल्या बशीत काही घेत नाही. मासा असलेल्या थाळीपाशी तो केवळ शुभेच्छांत सूर मिसळतो. त्या प्रसंगाचे महत्त्व खाण्यापेक्षा एकत्र उभे राहण्यात आहे, हे सहकाऱ्यांनाही मान्य असते.

एक कठीण प्रश्न तरीही उरतोच, तो कढईचा. ज्या कढईत थोड्या वेळापूर्वी मांस परतले, तीच पुसून तिच्यात भाजी परतली तर ती घ्यावी काय? यावर एकच उत्तर सर्वांना लागू पडत नाही. काही कुटुंबे केवळ पूर्ण शाकाहारी गाळ्यांवरच खातात. काही बाहेर फक्त फळे, नारळपाणी आणि बिनदुधाची, बिनसाखरेची ‘कोपी-ओ-कोसोंग’ घेतात. कोणी अंबवलेला सोया सॉसही टाळतात. आपली रेषा आधी ठरवलेली असावी. भुकेच्या वेळी, गाळ्यासमोर उभे राहून ती ठरवू लागले की रोज थोडी थोडी पुढे सरकते. उधारीचे खाते जसे लिहून न ठेवल्यास फुगत जाते, तसेच हे.

काय ठेवले, काय बदलले

सिंगापूरपासून काही तासांच्या अंतरावर मलाक्का हे जुने बंदर आहे. तेथे चेट्टी नावाचा एक लहानसा समाज राहतो. मलाक्क्याच्या सुलतानांच्या काळात दक्षिण भारतातून आलेल्या तामिळ व्यापाऱ्यांचे हे वंशज. शतकांच्या ओघात त्यांची बोली मलय झाली, पेहराव मलय झाला, स्वयंपाकात पांदान आणि नारळाचे दूध आले. पण १७८१ मध्ये बांधलेल्या आपल्या विनायक मंदिरात ते आजही पूजा करतात. काय बदलायचे आणि काय ठेवायचे याचा निर्णय त्यांच्या पूर्वजांनी कधी एकत्र बसून घेतला नसेल. तो रोजच्या स्वयंपाकघरात, रोजच्या पूजेत, हळूहळू होत गेला असेल.

परदेशी राहणाऱ्या जैन कुटुंबात हाच निर्णय आज होत आहे, आणि तो प्रामुख्याने मुलांच्या डब्यावरून होतो. शाळेच्या भोजनगृहात ‘तू हे का खात नाहीस?’ असे विचारल्यावर ज्या मुलापाशी फक्त ‘आई रागावते’ एवढेच उत्तर असते, ते मूल आई जवळ नसताना फार काळ नियम पाळत नाही. ज्याला मुळा आणि मूग यांतील भेद माहीत आहे, जे स्वतः ‘आदा उबी?’ विचारू शकते, आणि ज्याने शेजारच्या मलय मित्राकडून पुतु पिरिंग खाऊन आपल्या घरचा मोदक त्याला दिला आहे, त्याच्याजवळ नियमाचे कारणही असते आणि मित्रही असतो. म्हणून सिंगापूरला निघालेल्या कुटुंबाने सामानात खाकऱ्यांचे डबे अवश्य न्यावेत. तेथे पोहोचल्यावर पहिल्या रविवारी मात्र मुलांना घेऊन जवळच्या हॉकर सेंटरवर जावे, प्रत्येक गाळ्यासमोर थांबून पदार्थात काय काय आहे ते विचारावे, आणि चालण्याजोगे जे सापडेल ते सर्वांनी मिळून, सूर्य मावळण्यापूर्वी, चाखून पाहावे.